पाचटातून साखर: सेल्युलोज फोडणारी बुरशी शोधण्यापासून उताऱ्याच्या हिशेबापर्यंत

ऊस तुटून गेला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात मागे राहतं. कारखान्यातल्या चिपाडाला बॉयलरचं गिऱ्हाईक आहे, पाचटाला मात्र अजूनही बऱ्याच ठिकाणी काडी लावली जाते. जळून जाणाऱ्या या मालात वजनाच्या साधारण ४० टक्के सेल्युलोज असतं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. ती तोडणारी एन्झाइम्स पाचट कुजवणाऱ्या बुरशीकडे आणि जिवाणूंकडे तयारच असतात. त्यांतला कामाचा सूक्ष्मजीव हुडकायचा कसा, त्याचं एन्झाइम मोजायचं कसं आणि त्यातून खरोखर किती साखर निघते हे तपासायचं कसं, याची ही पद्धत आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत असतं तेवढं सामान यासाठी पुरतं: ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, शेकर, सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि तापमान पक्कं धरणारा वॉटर बाथ.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ज्या मालाची साखर करायची आहे, त्याच मालावर सूक्ष्मजीव पारखायचा. या कामातली बहुतेक वर्षं वाया जातात ती सोप्या, विरघळणाऱ्या सेल्युलोजवर चमकणारे जीव निवडल्यामुळे. जगभर औद्योगिक सेल्युलेजसाठी वापरली जाणारी ट्रायकोडर्मा रीसेई ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजवताना सापडली. खरा, कठीण, स्फटिकी कापूस ती खात होती, आणि तिचं मोलही त्यातच आहे.

एकट्या एन्झाइमचं हे काम नाही, हेही लक्षात असू द्या. एन्डोग्लुकॅनेज साखळीला मधेच कापतं. सेलोबायोहायड्रोलेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवतं. या जोडीला सेलोबायोज म्हणतात आणि तिचे दोन तुकडे बीटा-ग्लुकोसिडेज करतं. शेवटचं एन्झाइम कमी पडलं की सेलोबायोज साचतं आणि आधीच्या दोघांना रोखून धरतं. रीसेईची नेमकी हीच उणीव आहे, म्हणून तिच्या एन्झाइमला अ‍ॅस्परजिलस नायजरच्या बीटा-ग्लुकोसिडेजची जोड देतात.

नमुना कुठून घ्यायचा

पाचटाच्या थराचा वरचा कोरडा भाग उपयोगाचा नाही. मातीला टेकलेला, ओलसर, पांढुरके धागे दिसणारा, हाताने चुरगळला की तंतू सुटणारा थर शोधा. पाच-सहा ठिकाणांहून पन्नास-पन्नास ग्रॅम पाचट खालच्या अर्धा इंच मातीसह निर्जंतुक पिशवीत घ्या. पिशवीवर ठिकाण, तारीख, थराचं तापमान आणि पीएच लिहा. नमुना ४ अंशांवर ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. पिशवी गच्च बांधून उन्हात गाडीत राहिली तर आत हवा संपते आणि भलतेच जीव वाढतात.

शेतकऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: पाचटावर कुजवणारं कल्चर टाकलं होतं का? पाचट कुट्टी करून युरिया, सुपर फॉस्फेट आणि कल्चर टाकण्याची पद्धत आता रूढ आहे, आणि त्या कल्चरमध्ये बहुधा ट्रायकोडर्मा असतेच. हे न विचारता नमुना आणला तर चार महिन्यांनी डीएनए वाचल्यावर कळतं की आपण बाजारातलं पाकीटच पुन्हा शोधून काढलं.

तापलेल्या कंपोस्टमधून, म्हणजे ५० ते ६० अंशांच्या गाभ्यातून, उष्णताप्रेमी जीव मिळतात. त्यांची एन्झाइम्स ५० अंशांवर तीन दिवस टिकण्याची शक्यता जास्त, म्हणून असा एक तरी नमुना घ्या आणि तो ४५-५० अंशांवरच वाढवा. लोणारच्या अल्कधर्मी पाण्याचा मोह अनेकांना होतो. पण तिथले जीव पीएच १० ला सरावलेले असतात. साबणाच्या पावडरीत टाकायला ते एन्झाइम चांगलं, पण पुढे यीस्टने इथेनॉल करायचं असेल तर सगळं काम पीएच ५ च्या आसपास चालतं. शिवाय लोणार हे अभयारण्य आहे, तिथून नमुना उचलायला वन विभागाची परवानगी लागते.

वेगळं करणं आणि पहिली चाळणी

१० ग्रॅम नमुना ९० मिली निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात अर्धा तास हलवा. त्यातून दहापट-दहापट पातळ करत दहा लाखांश भागापर्यंत जा. बुरशीसाठी माध्यमात लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल घाला म्हणजे जिवाणू दबतात. बुरशी प्लेटभर पसरू नये म्हणून ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घाला. जिवाणू हवे असतील तर उलट, सायक्लोहेक्झिमाइड घालून बुरशी दाबा.

क्षारांचं माध्यम मँडेल्स आणि वेबर यांचं वापरा. एका लिटरला अमोनियम सल्फेट १.४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम, युरिया ०.३ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ०.३ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.३ ग्रॅम, पेप्टोन १ ग्रॅम. मिलिग्रॅममध्ये फेरस सल्फेट ५, मँगनीज सल्फेट १.६, झिंक सल्फेट १.४, कोबाल्ट क्लोराइड २. शिवाय ट्वीन-८० एक मिली. कॅल्शियम क्लोराइड वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर मिसळा, नाहीतर फॉस्फेटशी मिळून पांढरा साका खाली बसतो. युरिया ऑटोक्लेव्हमध्ये फुटून अमोनिया होतो, म्हणून तो ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घाला. पीएच ५ ठेवा, जिवाणूंसाठी ७. ग्लुकोज अजिबात घालू नका: आयती साखर मिळाली की सेल्युलेजची जनुकं बंद पडतात आणि चांगली बुरशीही नापास होते.

प्लेटसाठी यात १ टक्का कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारं सेल्युलोज) आणि १.५ टक्के अगार घाला. ही पावडर एकदम ओतली तर माशाच्या डोळ्यांसारख्या गुठळ्या होतात. पाणी गरम करून ढवळत राहा आणि पिठल्यात बेसन पेरतात तशी ती थोडी थोडी भुरभुरवा.

२८-३० अंशांवर तीन-चार दिवसांनी प्रत्येक वसाहतीची एक प्रत वेगळ्या प्लेटवर उचलून ठेवा, मगच पुढे जा. कारण आता प्लेटवर ०.१ टक्के काँगो रेड ओतून १५ मिनिटं ठेवायचं, मग १ मोलर मिठाच्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं, आणि यानंतर त्या प्लेटवरून जीव वाचवणं कठीण असतं. जिथे सेल्युलोज तुटलं तिथे लाल रंग धरत नाही, वसाहतीभोवती फिकट पिवळं वलय दिसतं. काँगो रेड हातमोजे घालूनच हाताळा, तो बेंझिडीनपासून बनलेला रंग आहे. घाई असेल तर ग्रॅमचं आयोडीन ओता, वलय काही मिनिटांत दिसतं.

वलयाचा व्यास भागिले वसाहतीचा व्यास, एवढं मोजा, पण त्यावरून विजेता ठरवू नका. हे वलय फक्त एन्डोग्लुकॅनेज दाखवतं. ज्या जीवाकडे सेलोबायोहायड्रोलेज नाही तोही इथे मोठं वलय देतो आणि पाचटावर हात टेकतो. शंभर वसाहतींतून वीस-पंचवीस निवडण्यापुरताच या चाळणीचा उपयोग.

दुसरी चाळणी साधी आणि फार बोलकी आहे. मोठ्या परीक्षानळीत वरच्याच क्षारांचं १० मिली पातळ माध्यम घ्या आणि व्हॉटमन क्रमांक १ या गाळण कागदाची एक पट्टी अर्धी बुडेल अशी उभी ठेवा. दुसऱ्या संचात पट्टीऐवजी ०.३ ग्रॅम दळलेलं पाचट घाला. दोन आठवडे रोज पाहा. पट्टी पाण्याच्या रेषेवर विरते, मग नळी हलवली की तुटून खाली पडते. दहा दिवसांत पट्टी तोडणारे आणि पाचटावरही दाट वाढणारे चार-पाच जीव निघाले तर काम चांगलं झालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून ट्रायकोडर्माची एक ओळखीची जात आणून ती सोबत लावा. तुलनेला काही नसेल तर 'चांगलं' या शब्दाला अर्थ उरत नाही.

काळी आणि पिवळट-हिरवी बीजाणूंची बुरशी बरेचदा पुढे येते. त्यांत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते, ती अफ्लाटॉक्सिन बनवते. फ्युमिगॅटस फुप्फुसात वाढते. म्हणून प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडा. बीटा-ट्यूब्युलिन जनुक वाचून ओळख पक्की होईपर्यंत पन्नास फ्लास्क लावू नका. अ‍ॅस्परजिलसमध्ये नुसत्या आयटीएस भागावरून (बुरशी ओळखायला नेहमी वाचला जाणारा डीएनएचा तुकडा) जाती नीट वेगळ्या होत नाहीत.

एन्झाइम तयार करणं

२५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली मँडेल्स माध्यम आणि अर्धा ग्रॅम दळलेलं, अल्कलीने धुतलेलं पाचट (त्याची रीत पुढे दिली आहे) घ्या. त्यात एक कोटी बीजाणू टाका, हिमोसायटोमीटरने मोजूनच; अंदाजाने टाकलं तर दोन फ्लास्कमध्ये दुपटीचा फरक सहज पडतो. ३० अंश, मिनिटाला १५०-१८० फेरे, सात दिवस. तिसऱ्या दिवसापासून रोज २ मिली काढा, सेंट्रिफ्यूज करा आणि वरची निवळी तपासा.

पीएच रोज पाहा. बुरशी अमोनियम उचलते तसा पीएच घसरतो, आणि ३ च्या खाली गेला की झालेलं एन्झाइमही मरायला लागतं. 'पाचव्या दिवशी भरपूर होतं, सहाव्या दिवशी गायब झालं' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. निर्जंतुक पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ४.५ ते ५ वर आणा.

शेकर नसेल तर घन माध्यम वापरा: ३ ग्रॅम गव्हाचा कोंडा, २ ग्रॅम पाचट, १० मिली क्षारांचं द्रावण. ओलावा ६५-७० टक्के राहतो. मूठ आवळली की ओल जाणवावी पण पाणी टपकू नये. सहा दिवसांनी ५० मिली सायट्रेट बफर घालून तासभर हलवा आणि मलमलीतून पिळून घ्या. एकूण एन्झाइम इथे अनेकदा जास्त मिळतं, पण कोंड्यातला स्टार्च आणि त्याची साखर सोबत येते. ती पुढच्या मोजणीत वजा केली नाही तर आकडे फुगतात.

मोजमाप, जिथे सर्वांत जास्त चुका होतात

एकूण ताकद मोजायची जगमान्य रीत म्हणजे घोष यांनी १९८७ साली आयुपॅकसाठी मांडलेली फिल्टर पेपर पद्धत. ५० मिलिग्रॅमची, १ बाय ६ सेंटिमीटरची व्हॉटमन पट्टी गुंडाळून नळीत घाला. १ मिली सायट्रेट बफर (०.०५ मोलर, पीएच ४.८) आणि ०.५ मिली एन्झाइम टाका. बरोबर ५० अंशांवर बरोबर ६० मिनिटं ठेवा. मग ३ मिली डीएनएस (साखरेशी रंग देणारं द्रावण) टाकून प्रक्रिया थांबवा, उकळत्या पाण्यात नेमकी ५ मिनिटं ठेवा, थंड करा, २० मिली पाणी घाला, हलवा आणि ५४० नॅनोमीटरवर वाचा.

डीएनएस असं करा: १४१६ मिली पाण्यात १०.६ ग्रॅम डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल आणि १९.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवा. मग रोशेल सॉल्ट ३०६ ग्रॅम, वितळवलेलं फिनॉल ७.६ मिली आणि सोडियम मेटाबायसल्फाइट ८.३ ग्रॅम घाला. काळ्या बाटलीत ठेवा. फिनॉल त्वचा जाळतं, हातमोजे सोडू नका.

प्रत्येक फेरीत तीन कोऱ्या नळ्या लागतात: फक्त बफर, बफर आणि पट्टी, बफर आणि एन्झाइम, पट्टीविना. तिसरी नळी म्हणजे निवळीत आधीपासून असलेली साखर. ही नळी लावायची राहिली की कमकुवत बुरशीही जोरकस दिसते. ग्लुकोजच्या १ ते ३.३५ मिलिग्रॅमच्या प्रमाण नळ्या त्याच उकळीत, त्याच वेळी घाला; कालचा आलेख आज चालत नाही.

आता हिशेब. एन्झाइम वेगवेगळं पातळ करून, २.० मिलिग्रॅम ग्लुकोज नेमकं कोणत्या तीव्रतेला सुटतं ते आलेखावरून काढा. ०.३७ भागिले ती तीव्रता म्हणजे मिलीमागे एफपीयू (फिल्टर पेपर युनिट, एन्झाइमच्या ताकदीचं एकक). दहापट पातळ केल्यावर २ मिलिग्रॅम सुटलं तर ०.३७ भागिले ०.१, म्हणजे ३.७. यातला ०.३७ आला तो असा: २ मिलिग्रॅम ग्लुकोज म्हणजे ११.१ मायक्रोमोल, त्याला ०.५ मिली आणि ६० मिनिटांनी भागलं. पट्टीचे पहिले चार टक्के तुटणं आणि पुढचे तुटणं यांचा वेग सारखा नसतो, म्हणून सर्वांना एकाच टप्प्यावर मोजायचं ठरलं. त्यामुळे न पातळलेलं एन्झाइमही २ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचत नसेल तर एफपीयू काढताच येत नाही. ०.३७ च्या खालचा आकडा प्रबंधात लिहू नका. १० किलोडाल्टनच्या झिल्लीतून निवळी घट्ट करून पुन्हा मोजा, किंवा 'तासाभरात इतकं ग्लुकोज सुटलं' एवढंच लिहा.

बीटा-ग्लुकोसिडेज वेगळं मोजा. त्यासाठी पॅरा-नायट्रोफिनाइल ग्लुकोसाइड वापरतात. सोडियम कार्बोनेट टाकून थांबवायचं आणि पिवळा रंग ४०५ नॅनोमीटरवर वाचायचा. एफपीयू चांगला पण हे कमी, असं दिसलं तर पाचटावरची गाडी कुठे अडेल ते आधीच कळतं.

पाचट तयार करणं

पाचट धुऊन माती काढा, उन्हात वाळवा, चक्कीतून दळून १-२ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. १०० ग्रॅम पाचटाला १ लिटर २ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, १२१ अंश, ३० मिनिटं. तंतूंना चिकटवून धरणाऱ्या लिग्निनचा मोठा भाग काळ्या पाण्यात उतरतो, थोडं हेमिसेल्युलोजही जातं. मलमलीतून गाळा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत, पीएच ७ होईपर्यंत धुवा. तंतूंच्या पोटात अल्कली राहून गेली तर पुढे बफर मोडतो आणि एन्झाइम गप्प बसतं. म्हणून शेवटी बफरमध्ये तासभर भिजवून पीएच पुन्हा पाहा. काळं पाणी तसंच सिंकमध्ये ओतू नका, आम्लाने शांत करून लिग्निन खाली बसवा आणि ते गाळून वेगळं काढा.

आणि हा ओला लगदा ओव्हनमध्ये वाळवू नका. वाळताना तंतूंची सूक्ष्म छिद्रं मिटतात, ती पुन्हा भिजवून उघडत नाहीत, आणि उतारा पडतो. लगदा ओलाच ४ अंशांवर ठेवा. त्यातला फक्त २ ग्रॅमचा तुकडा १०५ अंशांवर रात्रभर वाळवून ओलावा काढा आणि पुढची सगळी वजनं कोरड्या हिशेबाने धरा.

साखर काढणं

झाकणाच्या १०० मिली बाटलीत १ ग्रॅम कोरड्या वजनाइतका लगदा, सायट्रेट बफर आणि १५ एफपीयू एन्झाइम. लगद्यातल्या पाण्यासकट एकूण २० मिली. इथे एक अडचण हमखास येते. एन्झाइम मिलीला ०.५ एफपीयूचं असेल तर १५ एफपीयूसाठी ३० मिली लागतं, आणि बाटलीत जागा २० मिलीची! म्हणून घट्ट केलेलंच एन्झाइम वापरा. ५० अंश, १५० फेरे, ७२ तास.

जंतुसंसर्ग टाळायला मिलीमागे टेट्रासायक्लिन ४० आणि सायक्लोहेक्झिमाइड ३० मायक्रोग्रॅम घाला. अनेक जण ०.०२ टक्के सोडियम अझाइड वापरतात. पीएच ४.८ ला त्यातून विषारी हायड्रॅझोइक आम्लाची वाफ निघते आणि ग्लुकोजच्या मोजणीतही अडथळा येतो, म्हणून आमचा कौल पहिल्या जोडीला आहे.

०, ६, २४, ४८, ७२ तासांना अर्धा मिली काढा, १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, गोठवा. ग्लुकोज मोजायला रक्तातली साखर तपासायचा जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) किट उत्तम आणि स्वस्त आहे, नमुना तेवढा पातळ करा. त्यातलं पेरॉक्सिडेज अझाइडने बंद पडतं, अडथळा म्हटला तो हाच. डीएनएसने सगळी क्षपणकारी साखर कळते, किटने फक्त ग्लुकोज. दोन आकड्यांत मोठी दरी असेल तर ती झायलोज आणि सेलोबायोजची. तीच बाटली बीटा-ग्लुकोसिडेज वाढवून पुन्हा लावा: दरी मिटली तर दोष सेलोबायोजचा होता.

समजा लगद्यात ६० टक्के सेल्युलोज आहे. १ ग्रॅममध्ये ०.६ ग्रॅम. प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जातो, म्हणून त्यातून जास्तीत जास्त ०.६६७ ग्रॅम ग्लुकोज निघू शकतं. ७२ तासांना मिलीला २० मिलिग्रॅम मिळालं, म्हणजे २० मिलीत ०.४ ग्रॅम. ०.४ गुणिले ०.९ भागिले ०.६, म्हणजे ६० टक्के उतारा. हा ०.९ विसरला की उतारा फुगतो, क्वचित शंभराच्या वरही जातो. एन्झाइमसोबत आलेली साखर इथेही शून्य तासाच्या नमुन्यावरून वजा करा.

साखर २४ तासांपर्यंत चढून ४८ ला उतरली आणि बाटलीला आंबूस वास आला, तर काहीतरी वाढून ती खातंय. सहा तासांतच रेघ आडवी झाली तर तीन कारणं तपासा: पीएच सरकला, ५० अंशांना एन्झाइम टिकत नाही, किंवा ते उरलेल्या लिग्निनला चिकटून बसलं. शेवटचं ओळखायला एका बाटलीत ०.२ टक्के ट्वीन-८० घाला. उतारा वाढला तर लिग्निनच गुन्हेगार, मग धुणं आणि अल्कलीची पायरी सुधारा. प्रत्येक फेरीत बाजारातल्या सेल्युलेजची एक बाटली तितक्याच एफपीयूला लावा. तीही कमी उतारा देत असेल तर दोष तुमच्या बुरशीचा नाही, लगद्याचा आहे.

डीएनएमधून शोध

मातीतले बहुतेक जिवाणू प्लेटवर वाढतच नाहीत, म्हणून थेट मातीचा डीएनए वाचूनही एन्झाइम शोधतात. गायीच्या कोटिपोटातल्या जिवाणूंचा असा अभ्यास २०११ साली झाला, त्यात कर्बोदकांवर काम करणारी २७,७५५ संभाव्य जनुकं दिसली. २०२५ साली ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी चिपाडाखालच्या मातीतून तांबं वापरून सेल्युलोज तोडणारं एक नवंच एन्झाइम याच वाटेने काढलं. कुजलेल्या पाचटातल्या ह्युमिक आम्लामुळे पीसीआर अडतं, तेव्हा डीएनए काढताना पीव्हीपीपी (ते आम्ल धरून ठेवणारी पावडर) घाला. मिळालेली जनुकं सीएझी (कर्बोदकांवर काम करणाऱ्या एन्झाइम्सच्या) कुटुंबांत लावायला डीबीकॅन हे साधन मोफत आहे.

जिवाणूंची जनुकं ई. कोलायमध्ये चालतात. प्रथिन गुठळ्यांत अडकलं तर तापमान १६-१८ अंशांवर आणा आणि आयपीटीजी (घातलेलं जनुक चालू करणारं रसायन) ०.१ मिलिमोलरवर. बुरशीच्या जनुकांसाठी पिचिया यीस्ट बरी. एए९ कुटुंबातल्या तांब्याच्या एन्झाइमची शुद्धीकरणाची शेपटी कधीही पुढच्या टोकाला जोडू नका. तिथलं पहिलं अमिनो आम्ल, हिस्टिडीन, उघडं असलं तरच तांबं धरलं जातं. ही एन्झाइम्स ऑक्सिजन किंवा पेरॉक्साइड आणि क्षपणकाशिवाय काम करत नाहीत, तेव्हा बाटलीत १ मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घाला.

जीव जपून ठेवणं

चांगली बुरशी पुन्हा पुन्हा नव्या प्लेटवर हलवत राहिली की सेल्युलेज कमी होत जातं. निवड झाल्या दिवशीच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये बीजाणूंच्या दहा कुप्या उणे ८० अंशांवर ठेवा आणि दर प्रयोगाला नवी कुपी उघडा. एक प्रत एनसीआयएममध्ये किंवा पुण्यातल्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा करा. जीव परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचा किंवा त्यावर पेटंट घ्यायचं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या तरतुदी आधी पाहा आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज करा. त्यासाठी नमुना कोणत्या गावाच्या कोणत्या शेतातून कधी घेतला याची नोंद लागते, म्हणून पहिल्या दिवशी पिशवीवर लिहिलेलं ते लेबल वहीत चिकटवून ठेवा.